उष्ण हवेच्या देशात सुट्टी: कपडे कोणते न्यावेत, कसे घालावेत?

पांथिका (धागाकर्ती)

उष्ण हवेच्या देशात सुट्टीसाठी जाताना कपड्यांचे गणित बहुधा दोन प्रकारे चुकते. काही जण सोयीचे म्हणून घरातले मऊ आणि बेढब झालेले कपडे बॅगेत भरतात, आणि मग संध्याकाळी एखाद्या चांगल्या ठिकाणी जायची वेळ आली की त्यांची पंचाईत होते. दुसरे काही जण केवळ फोटोंचा विचार करून असे कपडे नेतात, जे भर दुपारी तासभरसुद्धा अंगावर सहन होत नाहीत, आणि उरलेली सुट्टी त्या कपड्यांना सांभाळण्यात जाते. माझ्या मते उष्ण हवेत नेटके दिसणे हे कापड, शिवण आणि रंग या तीन गोष्टींवर अवलंबून असते. कपड्यांच्या संख्येचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवता येतात, म्हणूनच हा धागा काढते आहे.

सर्वांत आधी आपण जिथे जाणार आहोत तिथली उष्णता कोणत्या जातीची आहे, हे पाहावे. मोरोक्कोतल्या माराकेशचा उन्हाळा कोरडा असतो. तिथे घाम त्वचेवरून लगेच उडून जातो, त्यामुळे शरीर थंड राहण्याची नैसर्गिक व्यवस्था नीट चालते आणि खरा त्रास थेट उन्हाचा होतो. अशा ठिकाणी लांब बाह्यांचा, पायघोळ, पण सैल आणि पातळ कपडा उघड्या अंगापेक्षा जास्त सुख देतो. सिंगापूरला किंवा बँकॉकला नेमके उलटे घडते. हवेतच इतकी वाफ असते की घामाला उडून जायला जागाच उरत नाही आणि कपडा अंगाला चिकटतो. तिथे त्वचेला कमीत कमी ठिकाणी टेकणारा, चटकन वाळणारा आणि वारा खेळू देणारा कपडा हवा, शिवाय दिवसातून एकदा कपडे बदलावे लागतील हे गृहीत धरूनच बॅग भरावी. भूमध्य समुद्राच्या काठी दुपार तापते, पण संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो आणि उघड्या खांद्यांवर काहीतरी घ्यावेसे वाटते. वाळवंटाजवळच्या गावांत तर हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्र चांगलीच गार असते.

महिना पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. बालीमध्ये साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा असतो, आणि सिडनीचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. केवळ कमाल तापमानाचा आकडा पाहून कपडे ठरवणारा माणूस ही निम्मी माहिती सोडून देतो. तापमानाबरोबर आर्द्रता, रात्रीचे किमान तापमान आणि पावसाचे दिवस हे तीन आकडे पाहिले, तर निम्मी बॅग तिथेच ठरते.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे वातानुकूलन. उष्ण देशांतली दुकाने, संग्रहालये, रेल्वेगाड्या आणि उपाहारगृहे आतून अतिशय थंड ठेवलेली असतात. घामाने ओल्या झालेल्या पाठीने आपण तिथे शिरतो तेव्हा हुडहुडी भरते. म्हणून कितीही गरम देश असला तरी एक मोठा, हलका स्टोल किंवा पातळ विणीचा कार्डिगन हाताशी असावा. तो खांद्यावर नुसता टाकला तरी साध्या कपड्यांना रुबाब येतो, आणि विमानात पांघरूण म्हणून उपयोगी पडतो तो वेगळाच.

कापडाविषयी, पुरुषांच्या कपड्यांविषयी आणि पादत्राणांविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

ताणाबाणा

धागा योग्य वेळी आला आहे. कापडाविषयी लिहितो, कारण उन्हाळी कपड्यांच्या खरेदीत लोक रंग आणि आकार पाहतात आणि आतल्या शिवणीवरची चिठ्ठी वाचत नाहीत.

कापड हवेतली ओल किती शोषून घेते, हे मोजता येते. प्रमाणित हवामानात सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओल धरतो, लिनन 12 टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लिनन अंगावर गार का लागते, त्याचे एक कारण या आकड्यांत आहे. दुसरे कारण असे, की अळशीच्या खोडातून निघणारा हा धागा ताठ असतो; त्यामुळे कापड अंगावर लोळत नाही, थोडे दूर उभे राहते आणि मधून हवा फिरते. पण हाच ताठपणा चुण्यांचेही मूळ आहे. लिननच्या धाग्यात ताणून पुन्हा पूर्ववत होण्याचा गुण फार कमी असतो, म्हणून एकदा पडलेली चुणी तशीच राहते. ज्यांना चुण्या अजिबात खपत नाहीत त्यांनी शुद्ध लिननचा हट्ट धरू नये आणि लिनन व सुती किंवा लिनन व व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) अशी मिश्र विण घ्यावी. ज्यांना खपतात त्यांनी मात्र कपडा किंचित जाड पोताचा घ्यावा. जाड लिननवर मोठ्या, मोकळ्या घड्या पडतात आणि त्या शोभतात. अगदी पातळ लिननवर बारीक सुरकुत्यांचे जाळे होते आणि कपडा झोपून उठल्यासारखा दिसतो.

व्हिस्कोस अंगावर सुरेख पडते, रंगही छान धरते, परंतु ओले झाल्यावर त्याचा धागा बराच कमकुवत होतो आणि पहिल्या धुण्यात ते आटू शकते. त्यामुळे नवा कोरा व्हिस्कोसचा ड्रेस एकदाही न धुता प्रवासाला नेऊ नये. हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतल्यावर तो पिळू नये; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत पसरावा.

पॉलिस्टरला सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. खेळाच्या कपड्यांसाठी केलेली त्याची मोकळी विण घाम पृष्ठभागावर पसरवते आणि झपाट्याने वाळते. दमट जंगलातल्या चालण्यासाठी ती सुती टी-शर्टपेक्षा कधीही बरी. त्रास होतो तो चकचकीत, घट्ट विणीच्या पॉलिस्टरचा, जे रेशमासारखे दिसते म्हणून घेतले जाते. त्यातून वारा जात नाही आणि घामाचा वास मात्र त्यात घर करून बसतो.

आणखी एका कापडाची शिफारस करतो, ते म्हणजे सिअरसकर. हे सुती कापड विणतानाच काही उभे धागे ताठ आणि काही सैल ठेवतात. त्यामुळे त्यावर आपोआप उभ्या पट्ट्यांत सुरकुत्या उमटतात, आणि त्या कायमच्या असतात. कापड जागोजागी त्वचेपासून वर उचललेले राहते आणि इस्त्रीचा प्रश्नच मिटतो. ज्या कापडाची मूळ शोभाच सुरकुतलेली आहे, त्याला बॅगेतला प्रवास कधी बाधत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी करून पाहाव्यात. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून दहा आकडे मोजावेत आणि मग सोडून पाहावे. प्रवासानंतर तो कपडा कसा दिसेल ते तिथेच कळते. आणि कापड उजेडासमोर धरावे. पलीकडची बोटे स्वच्छ दिसत असतील, तर उन्हात उभे राहिल्यावर आतले सगळे दिसेल आणि ऊनही तितकेच आत येईल.

मोरपंखी

दोघांचेही आभार. एक प्रश्न आहे. गरम ठिकाणी पांढरे किंवा फिके कपडेच घालावेत असे सगळे सांगतात, पण मला गडद रंग शोभतात आणि पांढऱ्यावर डाग पडण्याची सतत धास्ती असते. काळा किंवा गडद निळा रंग खरोखरच इतका गरम होतो का? आणि घामाचे डाग कोणत्या रंगावर कमी दिसतात?

पांथिका (धागाकर्ती)

गडद रंग ऊन जास्त शोषतो, हे खरे आहे, परंतु ती उष्णता अंगापर्यंत पोहोचते की नाही हे कपडा किती सैल आहे यावर ठरते. 1980 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत वाळवंटातल्या बेदूइन लोकांच्या काळ्या झग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काळ्या झग्याचे कापड पांढऱ्यापेक्षा अधिक तापते, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता त्वचेपर्यंत येण्यापूर्वीच हवेत निघून जाते आणि आतल्या माणसाला दोन्ही रंगांत सारखीच उष्णता मिळते, असे त्यात आढळले. म्हणून गडद निळा पायघोळ ड्रेस सैल आणि हवेशीर असेल तर खुशाल घ्यावा. अंगाबरोबर बसणारा काळा टी-शर्ट मात्र नको.

गडद रंगाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. एकाच कापडात गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतो. कापडाच्या या क्षमतेला यूपीएफ म्हणतात. यूपीएफ 50 असलेले कापड पन्नासातला एकच भाग, म्हणजे 2 टक्के अतिनील किरण आत सोडते. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ 5 ते 7 इतकाच भरतो आणि तो भिजला की आणखी खाली येतो. म्हणजे पाण्यात खेळताना अंगात पांढरा टी-शर्ट आहे म्हणून निश्चिंत राहणे बरोबर नाही.

घामाच्या डागांविषयी सांगायचे तर करडा आणि मध्यम निळा हे दोन रंग सर्वांत दगाबाज. अगदी पांढरा, गडद निळा, काळा आणि लहान नक्षीचे छापील कापड यांवर ओल सहसा दिसत नाही. आणि पांढरे कपडे घालायचेच असतील तर आतले कपडे पांढरे नकोत. ते पांढऱ्याखालून उठून दिसतात. आपल्या त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते आतले कपडे घ्यावेत, म्हणजे ते दिसणारच नाहीत.

साधा_सदरा

पुरुषांच्या कपड्यांविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. बहुतेक पुरुषांच्या उन्हाळी बॅगेत गोल गळ्याचे टी-शर्ट, खिसेच खिसे असलेली अर्धी चड्डी आणि खेळाचे बूट एवढेच असते. यात गैर काही नाही, पण याच जागेत आणि याच वजनात कितीतरी चांगले दिसता येते.

पहिला बदल शर्टाचा करावा. पसरट, उघड्या गळपट्टीचा, अर्ध्या बाह्यांचा, खालून सरळ कापलेला शर्ट खोचावा लागत नाही. गळ्याशी वारा लागतो, पोटाशी कापड मोकळे राहते आणि तरीही कॉलर असल्यामुळे पेहराव पुरा वाटतो. हवाईचा प्रसिद्ध छापील शर्ट याच घराण्यातला आहे. क्यूबा आणि मेक्सिकोत घालतात तो ग्वायाबेरा तर मला उष्ण प्रदेशातल्या पुरुषी पोशाखाचा उत्तम नमुना वाटतो. पुढे बारीक चुण्यांच्या उभ्या ओळी, दोन किंवा चार खिसे, बाजूंना चिरा, आणि शर्ट बाहेर सोडलेला. 2010 मध्ये क्यूबाच्या सरकारने तो औपचारिक समारंभांचा अधिकृत पोशाख म्हणून ठरवला. कोट आणि टाय यांच्याशिवायही पुरुष औपचारिक दिसू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पोलो शर्टही उन्हाळ्यासाठीच जन्मलेला आहे. टेनिसपटू रने लाकोस्त यांनी 1926 मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत लांब बाह्यांच्या कडक शर्टाऐवजी जाळीदार विणीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, आणि तो पुढे जगभर पसरला. मात्र त्याची मूळची सुती जाळीदार विणच घ्यावी. गुळगुळीत आणि ताणणारे कापड पोटाशी चिकटते.

अर्ध्या विजारीची लांबी गुडघ्याच्या किंचित वर असावी आणि तिला मांडीवर फुगणारे खिसे नसावेत, एवढे पाळले की पुरे. पण मी म्हणेन की दोन पूर्ण लांबीच्या, सैल, लिनन-सुती मिश्र विणीच्या पँट न्याव्यात, ज्यांना कमरेला नाडी असेल. उन्हात पाय झाकले जातात, डास कमी चावतात, प्रार्थनास्थळांत कोणी अडवत नाही आणि संध्याकाळी तीच पँट चामडी सँडलवर किंवा मऊ लोफरवर शोभते. लोफर घालताना दिसणारे मोजे नकोत, पण अनवाणी पायांनीही ते घालू नयेत. बुटाच्या काठाखाली राहणारे आखूड मोजे मिळतात, ते घालावेत. नाही तर घामाने बुटाचे अस्तर लवकर खराब होते.

गलबत

सगळ्यांचे म्हणणे समजते आहे, पण थोडे वेगळे मत मांडते. कमी कपडे, शांत रंग, सगळे एकमेकांवर जुळणारे, हे सल्ले वाचायला चांगले वाटतात. पण सुट्टी हा माझ्यासाठी सजण्याचाही काळ असतो. रोजच्या कामाच्या दिवसांत जे घालता येत नाही ते तिथे घालता येते. लाल फुलाफुलांचा घेरदार ड्रेस, मोठ्या काठाची हॅट, झुलणारे कानातले. बॅग दोन किलोने जड झाली तर झाली. फोटोसाठी कपडे नेणाऱ्यांना इथे जरा हिणवले जाते आहे असे वाटले, म्हणून लिहिले. सुट्टीचे फोटो आपण आयुष्यभर पाहतो, त्यांत आपण आवडत्या कपड्यांत असावे, ही इच्छा मला अगदी रास्त वाटते.

पांथिका (धागाकर्ती)

गलबत, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि कोणालाही कमी लेखण्याचा हेतू नव्हता. लाल फुलांचा ड्रेस जरूर न्यावा. माझे म्हणणे इतकेच, की तो ड्रेस बॅगेतली सर्वांत लाडकी वस्तू असावा आणि बाकीचे कपडे त्याच्या भोवती जुळवावेत. बहुतेकांच्या बॅगेत असे सात लाडके कपडे असतात; प्रत्येकाला वेगळी चप्पल, वेगळी पर्स, वेगळे आतले कपडे लागतात, आणि शेवटी त्यांतले तीन घडी न मोडता परत येतात.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या ड्रेसमधला लाल, पानांचा हिरवा आणि मागचा मळकट पांढरा, हे तीन रंग आधीच एकमेकांना शोभणारे आहेत, कारण कापडावर नक्षी काढणाऱ्याने ते जुळवलेले आहेत. मग मळकट पांढरी लिननची पँट, गडद हिरवा बिनबाह्यांचा टॉप, एक पांढरा मोठा शर्ट आणि लाल काठाचा स्टोल घेतला, की एका ड्रेसवरून सगळ्या बॅगेचा रंग ठरला. पांढरा शर्ट पँटवर चालतो, पोहण्याच्या पोशाखावर चालतो, ड्रेसवर गाठ मारून जॅकेटसारखाही चालतो. फोटोंत प्रत्येक दिवस वेगळा दिसावा असे वाटत असेल, तर तो वेगळेपणा चेहऱ्याजवळच्या वस्तूंनी येतो. कानातले, डोक्याला बांधलेला रुमाल, ओठांचा रंग, केसांची ठेवण. या सगळ्यांचे मिळून वजन एका चपलेइतकेही नसते.

दिशादर्शक

स्थळांचे नियम इथे नोंदवून ठेवतो, कारण दारातून परत फिरावे लागले तर सगळा दिवस वाया जातो. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आणि हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये बिनबाह्यांचे टॉप आणि आखूड विजारी चालत नाहीत. इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत स्त्रियांना डोके झाकावे लागते. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर टाचांच्या चपलांना मनाई आहे. तिथला संगमरवर झिजून इतका गुळगुळीत झाला आहे की सपाट, पण पकड असलेले तळवेच तिथे कामाला येतात. बार्सिलोनात 2011 पासून पोहण्याच्या कपड्यांत शहरात फिरल्यास दंड होऊ शकतो, म्हणून किनाऱ्यावरून निघताना अंगावर घालायला काहीतरी सोबत ठेवावेच.

सर्वांत अनपेक्षित नियम कॅरिबियन बेटांवरचा आहे. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो या देशांत सैनिकी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य नागरिकांनी घालणे कायद्याने निषिद्ध आहे. लहान मुलांच्या कपड्यांनाही तो लागू पडतो. तो छाप तिथल्या बॅगेत नकोच.

किनारपट्टी

समुद्रकिनाऱ्याच्या कपड्यांविषयी लिहिते, कारण तिथे लोक पैसे घालतात आणि कपडे मात्र एका मोसमात खराब होतात.

पांढऱ्या शर्टाच्या गळपट्टीवर सुट्टीनंतर जे पिवळट-तांबूस डाग उमटतात, त्यांना लोक घामाचे डाग समजतात. पुष्कळदा ते सनस्क्रीनचे असतात. अनेक सनस्क्रीनमध्ये एव्होबेन्झोन नावाचे द्रव्य असते, आणि धुण्याच्या पाण्यात लोहाचा अंश असेल तर त्याच्याशी मिळून ते गंजासारखा रंग धरते. गंमत म्हणजे असा डाग कपडा घालताना दिसतच नाही, धुतल्यावर उमटतो. आपण घाबरून क्लोरीनचे ब्लीच ओततो आणि तो आणखी पक्का होतो. त्यावर गंजाच्या डागाचाच उपाय चालतो. आधी द्रव साबण चोळून तेलकटपणा काढावा, मग लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्लाचे पाणी लावून थोडा वेळ ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डाग पडूच नये म्हणून सनस्क्रीन लावल्यावर पंधरा मिनिटे थांबून मग कपडे घालावेत. पांढऱ्याचे प्रेम असणाऱ्यांनी झिंक ऑक्साइडवर आधारलेले, एव्होबेन्झोन नसलेले सनस्क्रीन निवडावे. हवाईत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर 1 जानेवारी 2021 पासून प्रवाळांच्या रक्षणासाठी बंदी आहे, आणि पलाऊ या देशाने त्याच्या एक वर्ष आधीच असे निर्बंध आणले. तेव्हा बाटलीवरची घटकांची यादी वाचण्याची सवय दोन्ही कारणांनी चांगली.

पोहण्याचे पोशाख दोन न्यावेत, कारण दमट हवेत एक रात्रीत वाळत नाही आणि ओला पोशाख सकाळी पुन्हा चढवण्याइतके नकोसे दुसरे काही नाही. तलावातले क्लोरीन त्यातल्या ताणणाऱ्या धाग्याला खाते. बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्यात बुचकळावा, न पिळता दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवा पसरावा. दोन्ही पोशाख एकाच रंगसंगतीतले घेतले, तर एकाचा वरचा भाग आणि दुसऱ्याचा खालचा असेही घालता येते.

आणि ज्यांना ड्रेस किंवा स्कर्ट घालून चालताना मांड्या घासून कातडी सोलवटण्याचा त्रास होतो, त्यांनी आतून पातळ, गुडघ्यापर्यंतची, शिवण नसलेली विजार घालावी. याविषयी मोकळेपणाने कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

मोरपंखी

पादत्राणांचे काय? माझ्या बॅगेतली निम्मी जागा तीच खातात. आणि हॅट बॅगेत चेपून जाते.

ताणाबाणा

तीन जोड पुरतात आणि त्यांतला सर्वांत जड पायात घालून विमानात बसावे. चालण्याचा एक जोड, जो आधीपासून वापरून पायाला सरावलेला असेल. उष्णतेत पाय थोडे सुजतात, त्यामुळे नवा किंवा अगदी मापाचा बूट तिथे हमखास चावतो. दुसरी चामडी सपाट सँडल, जी दिवसा आणि संध्याकाळी दोन्ही वेळा शोभेल. तिसरी पाण्यात चालणारी रबरी चप्पल. तागाच्या दोरीच्या तळव्याचे एस्पाड्रिल उन्हाळ्यात फार देखणे दिसतात, पण तो तळवा भिजला की फुगतो आणि सुटू लागतो, म्हणून पावसाळी बेटावर ते नेऊ नयेत.

हॅटविषयी दोन शब्द. जिला पनामा म्हणतात ती हॅट इक्वेडोरमध्ये तोकिया नावाच्या झाडाच्या पातीपासून हाताने विणतात. युनेस्कोने 2012 मध्ये त्या विणकामाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तिची घडी घालू नये, सारखी त्याच ठिकाणी दुमडली की पात तुटते. ती डोक्यावर घालूनच न्यावी, किंवा बॅगेत उलटी ठेवून पोकळीत मोजे भरावेत आणि काठाभोवती मऊ कपडे रचावेत. उचलतानाही पुढच्या चिमटीला न धरता काठाला धरावे. ज्यांना हे सांभाळायचे नाही त्यांनी रुंद काठाची सुती कापडी हॅट घ्यावी, ती घडी सोसते.

गॉगलवर यूव्ही 400 असे लिहिलेले आहे की नाही, तेवढे पाहावे. काच जितकी काळी तितके डोळ्यांना संरक्षण जास्त, हा समज खरा नाही; अतिनील किरण अडवण्याचा काळेपणाशी संबंध नसतो.

पांथिका (धागाकर्ती)

उत्तम माहिती जमा झाली आहे. आता प्रत्यक्ष बॅग भरण्याविषयी, आठवड्याभराच्या सुट्टीचा हिशेब धरून लिहिते.

वर घालायचे पाच कपडे, खाली घालायचे तीन, एक ड्रेस किंवा पुरुषांसाठी एक चांगला शर्ट, एक वरून घ्यायचा थर, दोन पोहण्याचे पोशाख आणि तीन जोड पादत्राणे. पाच आणि तीन यांचे पंधरा जोड होतात, परंतु ते सगळे खरोखर जुळत असतील तरच. म्हणून निघण्यापूर्वी सगळे कपडे पलंगावर मांडावेत आणि प्रत्येक वरचा कपडा किमान दोन खालच्यांवर शोभतो का ते पाहावे. जो एकाच कपड्यावर शोभतो तो बाहेर काढावा. नुसते पाहून थांबू नये. अंगात घालून खाली बसावे, हात वर करावेत, वाकून बुटाची नाडी बांधून पाहावी. उष्णतेत जो कपडा दहा वेळा ओढून नीट करावा लागतो, तो कितीही सुंदर असला तरी चेहऱ्यावर त्रासच दिसतो.

विणलेले टी-शर्ट आणि पोहण्याचे कपडे गुंडाळून भरावेत, त्यांना चुण्या पडत नाहीत. लिनन, सुती शर्ट आणि ड्रेस यांना मात्र गुंडाळू नये. ते सपाट पसरावेत, घडीच्या जागी दुसरा मऊ कपडा ठेवावा आणि प्रत्येकाच्या मध्ये लाँड्रीतून येते तशी पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी. कापड कापडावर न घासता सरकते आणि घडीची रेघ बसत नाही. पोहोचल्याबरोबर, तहान भागवायच्याही आधी, हे कपडे हँगरला लावावेत आणि अंघोळीच्या वेळी वाफ भरलेल्या न्हाणीघरात टांगावेत. ओल्या तळहाताने वरून खाली फिरवले, की बहुतेक चुण्या निघतात.

केबिन बॅगेत एक पूर्ण पोशाख, एक पोहण्याचा पोशाख आणि रोजची औषधे असावीत, म्हणजे मोठी बॅग उशिरा आली तरी पहिला दिवस हातातून जात नाही. पॉवर बँकही केबिन बॅगेतच ठेवावी लागते. चेक-इन बॅगेत ती चालत नाही. सनस्क्रीनची मोठी बाटली मात्र चेक-इन बॅगेत टाकावी, कारण बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात 100 मिलीलिटरहून मोठी बाटली अजूनही अडवतात. अनेक कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा फक्त 7 किलो असते, त्यामुळे घरीच वजन करावे आणि एखादा किलो शिल्लक ठेवावा.

गलबत

रंगांचा हिशेब पटला. एकच शंका उरली आहे. आमच्या प्रवासात चार दिवस थंड शहरात आणि मग समुद्रकिनारा असा बेत आहे. तेव्हा दोन वेगळ्या बॅगा कराव्यात का?

पांथिका (धागाकर्ती)

बॅग एकच ठेवावी, पण थर वेगळे करावेत. जाड स्वेटरऐवजी पातळ मेरिनो लोकरीचा लांब बाह्यांचा टी-शर्ट घ्यावा. ती लोकर ओल शोषूनही उबदार राहते आणि तिला घामाचा वास लवकर येत नाही, त्यामुळे एकच टी-शर्ट चारही दिवस चालतो. त्यावर तुमचा पांढरा शर्ट, वर स्टोल आणि सर्वांत बाहेर वारा न जाऊ देणारे पातळ जॅकेट. लाल ड्रेसच्या आत गडद रंगाचे लेगिंग्ज घातले, तर तो थंड शहरातही घालता येईल. हे गरम कपडे एका वेगळ्या पॅकिंग क्यूबमध्ये, म्हणजे कपडे भरायच्या छोट्या चौकोनी पिशवीत, भरावेत. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तो क्यूब बॅगेच्या तळाशी जाईल आणि परतीच्या विमानात बसण्याच्या आदल्या रात्री पुन्हा वर काढावा लागेल, कारण घालायला जॅकेट तेव्हाच हवे असेल.